खाटेखालची जागा

यंत्राच्या पोटात अर्धा तास गप पडून राहिलं तर नंदकिशोर मयेकरांना काय मिळणार होतं, हा हिशेब तसा सरळ होता. उजवा हात मिळणार होता. हात होता जागेवरच, पण गेल्या दिवाळीपासून तो मयेकरांचं ऐकेनासा झाला होता. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावावी लागत आणि आमटीची वाटी उचलली की तोंडाशी येईपर्यंत निम्मी रिकामी होई. मानेच्या मणक्यात नस दबली आहे, ती कुठे आणि किती हे एमआरआयमध्ये बघितल्याशिवाय मी सुरीला हात लावणार नाही, आणि फार दिवस घालवलेत तर मग बघूनही काही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. हा पहिला फायदा. दुसरा, त्यांच्या पत्नी वसुधाबाई रोज सकाळच्या चहाबरोबर 'मग कधी जायचं?' हा जो प्रश्न वाढत, तो बंद होणार होता. आणि तिसरा, जो मयेकरांनी कोणाला बोलून दाखवला नव्हता पण मनात पहिल्या नंबरावर ठेवला होता, तो म्हणजे फळा.

मुलुंड पूर्वेला त्यांची सोसायटी. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला काळा फळा आहे, आणि सोसायटी झाली त्या वर्षापासून त्या फळ्याचा खडू मयेकरांच्या हातात आहे. 'उद्या दुपारी पाणी येणार नाही' एवढी रडकी बातमीसुद्धा त्यांच्या अक्षरात लग्नपत्रिकेसारखी दिसे. बी विंगमधले एक म्हातारे गृहस्थ म्हणायचे, आपल्या नावाचा असा फळा लागणार असेल तर मरायला माझी ना नाही. ते गेले तेव्हा मयेकरांनी 'कैलासवासी'मधला 'कै' असा काही काढला, की त्यांची सून रडता रडता थांबून त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून गेली. त्याच फळ्यावरच्या ओळी आता उतरणीला लागल्या होत्या. परवा कोणीतरी वॉचमनला विचारलं, "हल्ली कोणा पोराला लिहायला लावलंय काय?" मयेकर तेव्हा मागेच उभे होते.

येणं हे एवढं. जाणं काय? फक्त नाव. मीटर रूममध्ये धामण निघाली तेव्हा तिला काठीवर घेऊन बाहेर सोडणारे मयेकर. रात्री-अपरात्री कोणाकडे काही झालं तर पोलिसांशी बोलायला पुढे मयेकर. 'मयेकर कशाला घाबरत नाहीत' हे वाक्य सोसायटीत इतकी वर्षं चालत आलं होतं, की ते तपासून बघायची कोणाला गरज वाटली नव्हती. नाही म्हणायला, दोन वर्षांपूर्वी जुनी जाळीची लिफ्ट काढून नवी, चारी बाजूंनी बंद, अरुंद लिफ्ट बसवली, तेव्हापासून मयेकर चौथ्या मजल्यावर जिन्याने जाऊ लागले होते. व्यायाम म्हणून. वसुधाबाईंनी त्या व्यायामाला कधी नाव ठेवलं नाही.

पहिल्यांदा ते मुलुंडातल्याच एका सेंटरला गेले. बरोबर वसुधाबाई, आणि शिवाय जयवंत कर्णिक. जयवंत म्हणजे त्यांचा शेजारी, मित्र आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मालक. कोणाची रक्ततपासणी असो की मोतीबिंदू, जयवंत थर्मास आणि खारीचा पुडा घेऊन हजर. माणूस धीर द्यायला येतो की बातमी घ्यायला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"नंद्या, टेन्शन नको घेऊ यार," जयवंत म्हणाला.

"टेन्शन? अरे, आत जाऊन झोपायचंय फक्त. तू चहा ओत, मी आलोच."

आणि ते खरंच आलेच. चहा कपात पडायच्या आत.

आत झालं ते असं. तिथल्या मुलाने त्यांना अरुंद फळीवर उताणं निजवलं, कानात बोळे घातले, डाव्या हातात एक रबरी फुगा दिला आणि म्हणाला, काही वाटलं तर दाबा. मग विकेटकीपर घालतात तशी एक जाळी त्यांच्या तोंडावर आणून खटकन बसवली. इथपर्यंत मयेकर मयेकर होते. फळी सरकायला लागली, पांढरं भगदाड कपाळावरून नाकावर, नाकावरून छातीवर आलं, आणि त्यांना एकदम कळलं की यात हवा नाही. हवा होती, पंख्याची झुळूक गालाला लागत होती. पण ज्याला कळलं त्याला कळलं. त्यांनी फुगा दाबला. तो मुलगा धावत येऊन "काका, सोडा आता, सोडा, निघालात तुम्ही" म्हणाला तरी दाबतच राहिले.

बाहेर आले तेव्हा बनियन अंगाला चिकटलेला आणि चेहऱ्यावर जाळीच्या पट्ट्यांचे वळ.

"झालं? एवढ्यात?" जयवंतने विचारलं.

"मशीन बंद पडलं," मयेकर म्हणाले.

त्याच वेळी त्यांच्या पाठीमागच्या दारातून एका म्हाताऱ्या बाईंना व्हीलचेअरवर बसवून आत नेत होते. जयवंतने त्या व्हीलचेअरकडे बघितलं. मग थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला, "हल्ली कुठे मेंटेनन्सच नाही रे." वसुधाबाईंनी खाली वाकून मयेकरांच्या चपला सरळ करून ठेवल्या.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीला मशीन बंद पडल्याचं कळलं. ए विंगमधले लोक भेटायला आले, सेंटरवाल्यांना नावं ठेवली, एकाने ग्राहक मंचाचा नंबर काढून दिला. मयेकर प्रत्येकाला "जाऊ दे हो, यंत्र आहे, चालायचंच" असं मोठ्या मनाने सांगत राहिले. खोटं बोलणाऱ्याने एवढी क्षमाशील मुद्रा करू नये, पण त्यांना ती शोभत होती. तेवढ्यात जयवंत आला. म्हणाला, "घाटकोपरला माझ्या मामेबहिणीची ओळख आहे. तिथलं मशीन नवंकोरं. बंद पडत नाही. गुरुवारची वेळ घेतलीय मी."

त्याचा चेहरा हे सांगताना इस्त्री केल्यासारखा होता. मयेकरांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. मशीन बिघडलं म्हटल्यावर चांगल्या मशीनला कसं नाही म्हणणार?

गुरुवारी सकाळी नवरा-बायको रिक्षात बसले. जयवंतला गुडघ्याचं निमित्त करून वसुधाबाईंनीच घरी ठेवला. गुडघा जयवंतचाच होता, पण दुखतो हे त्याला वसुधाबाईंकडून कळलं.

एलबीएस रोडला लागल्यावर मयेकर बाहेर बघत बसले. भांडुपला त्यांची केबल कंपनी होती तिथे आता काचेची इमारत उभी आहे आणि खाली महागडी कॉफी मिळते. या कंपनीत त्यांनी उमेदीची वर्षं रात्रपाळीत काढली. शिफ्टच्या उत्पादनाचा फळा लिहायचं काम तिथेच अंगावर आलं आणि अक्षराला वळण लागलं ते तिथेच. पुढे घाटकोपर आलं, भटवाडीचं वळण आलं, आणि वसुधाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ते बघा, आपलं."

"कुठलं आपलं? बावीस मजले आहेत ते."

"त्यातला तळमजला आपला."

"तिथे पार्किंग आहे आता."

"मग काय झालं? तेव्हाही आपल्याला पार्किंगपेक्षा जास्त जागा कुठे होती?"

मयेकर हसले. आठवड्याभरात पहिल्यांदा.

तेव्हा ते मयेकर नव्हते, नंदू होते. भटवाडीतल्या चाळीत दहा बाय बाराची एक खोली, आणि तीत वडील, आई, बहीण शकु, धाकटा अनंत आणि नंदू. नंदू रात्रपाळी करून सकाळी घरी यायचा, तेव्हा घराचा दिवस नुकता सुरू झालेला असायचा. झोपायचं कुठे? खोलीत प्रत्येक फरशीला दिवसभराचं काम लागलेलं. कोणाला नको असलेली जागा एकच होती, वडिलांच्या लोखंडी खाटेखाली. खाट विटांवर चढवलेली होती. नंदूने तिथली ट्रंक बाहेर काढली, सतरंजी टाकली, समोर आईचं जुनं लुगडं पडद्यासारखं सोडलं आणि त्या फटीत सरकला. नाकावर वीतभर अंतरावर खाटेच्या पट्ट्या. वर आई बसलेली. खाटेला लागून तिचं पायाचं शिलाई मशीन. चाळीतल्या बायकांचे परकर शिवायची ती. शकु टायपिंगच्या क्लासला जायची आणि घरी टाइपरायटर नाही म्हणून बाहेर काढलेल्या त्याच ट्रंकेवर दहा बोटांनी टकटक टकटक सराव करायची. भिंतीपलीकडे मसाला कांडणाऱ्या बाई, मुसळाचा दणका थेट खाटेच्या पायात यायचा. या सगळ्याच्या तळाशी नंदू जो गाढ झोपायचा तसा नंतर आयुष्यात कधी, स्वतःच्या चौथ्या मजल्यावरच्या बेडरूममध्येसुद्धा झोपला नाही.

पुढे लग्न झालं. वसुधा आली. नव्या सुनेला बसायला जागा मिळाली ती खाटेच्या पायथ्याशी, भिंतीच्या कोपऱ्यात. तिथे बसून ती तांदूळ निवडायची, मेथी खुडायची. नंदू उंच, त्याची पावलं खाटेखालून लुगड्याच्या पलीकडे बाहेर आलेली असायची. म्हणजे दिवसभर त्या घरात नवऱ्याचं जे काय तिच्या वाट्याला यायचं ते दोन पावलं एवढंच. त्याच्याशी बोलायची सोय नव्हती, वर सासूबाई. एकदा तिने हळूच हाक मारली तर मशीन थांबवून सासूबाई म्हणाल्या, "निजलोहा तो. कित्याक उठवतंस?"

"शकुताईंची ती टकटक आठवते?" रिक्षात वसुधाबाई म्हणाल्या.

"आठवायला कशाला हवी? डोळे मिटले की ऐकू येते."

"मग आज मिटाच डोळे," वसुधाबाई म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

घाटकोपरच्या सेंटरमध्ये चेतना नावाची मुलगी होती, निळ्या कपड्यांत, केस घट्ट बांधलेले. दुपारच्या जेवणाआधीचा तिचा हा शेवटचा पेशंट.

"काका, अंगात कुठे रॉड, स्क्रू, पेसमेकर?"

"नाही गं. सगळं माझं मलाच जन्मतः मिळालेलं आहे."

"मस्त. याआधी कधी एमआरआय केलाय?"

मयेकरांनी वसुधाबाईंकडे बघितलं. वसुधाबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

"नाही," मयेकर म्हणाले.

पुन्हा फळी, पुन्हा बोळे, पुन्हा फुगा, पुन्हा जाळी. या खेपेला त्यांनी डोळे बाहेरूनच मिटून घेतले होते. पण फळी सरकली आणि मिटल्या डोळ्यांनाही छत दिसायला लागलं. शकुची टकटक काही आली नाही. आला तो फक्त स्वतःच्या छातीतला दणका. आता हात गेला, असं त्यांना वाटलं. आज इथून बाहेर पडलो तर तिसऱ्यांदा मी कुठे निजणार नाही, आणि डॉक्टर म्हणाले तसं नंतर बघूनही उपयोग नाही. फळ्यावरच्या ओळी घसरत घसरत जमिनीपर्यंत आल्या. तरीसुद्धा बोटांनी फुगा दाबलाच. बोटं डाव्या हाताची होती, धडधाकट.

चेतनाने त्यांना बाहेर काढलं, जाळी उघडली, उठवून बसवलं. पाणी दिलं. रागावली नाही.

"काका, रोज दोघं-तिघं तरी दाबतात. मागच्या आठवड्यात एक पोलीसवाले होते, एवढे दांडगे. रडले."

"मी रडलेलो नाही."

"नाही ना, तुम्ही फर्स्ट क्लास आहात. ऐका, झोपेचं इंजेक्शन देऊन करतात, पण त्याला भूलवाले डॉक्टर लागतात, ते सोमवारी. नाहीतर काकूंना आत बसवते तुमच्याजवळ. चालतं ते."

"काही गरज नाही. मी काय बालवाडीत चाललोय, आईचा पदर धरून?"

"आईचा नाही हो," दारातून वसुधाबाई म्हणाल्या. "चेतना, मला काय काय काढावं लागेल?"

सगळं, चेतना म्हणाली. धातू नावाला नको. मंगळसूत्र, बांगड्या, कुड्या, केसांतल्या पिना, हे सगळं दोन मिनिटांत डब्यात गेलं. राहिली जोडवी. लग्नातली. बोटं फुगली होती, जोडवी तिथेच होती.

"चांदीला मॅग्नेट ओढत नाही काकू, पण यात चांदी किती आणि दुसरं काय किती, हे मला कसं कळणार? इथला नियमच आहे, काही ठेवायचं नाही."

"सोनाराने तेव्हाही सांगितलं नव्हतं," वसुधाबाई म्हणाल्या. "साबण आहे का गं?"

मयेकर फळीवर बसून होते. त्यांना बाथरूममधून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग वसुधाबाई आल्या, हातात चुरगळलेला रुमाल, तो त्यांनी चेतनाच्या हाती दिला. चेतनाने रुमालाकडे बघितलं, मग वसुधाबाईंच्या पायाकडे. वसुधाबाईंनी मान हलवली. चेतनाने रुमाल डब्यात ठेवला. मयेकरांना यातलं काही दिसलं नाही, कारण ते जाळीकडे बघत होते.

फळी आत गेली. छत आलं. हवा गेली. फुग्यावर बोटं आवळायला लागली, आणि पावलापाशी, त्या भगदाडाच्या पार बाहेर, वेगळ्याच एका मुलखात, कोणीतरी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला आणि एकदा दाबला. नीट, सावकाश, एकदाच.

बोटं होती तिथे थांबली.

कारण भटवाडीच्या त्या खोलीत, तांदूळ निवडता निवडता, एका नव्या सुनेने एक भाषा तयार केली होती. अंगठा एकदा दाबला, म्हणजे आई वर बसल्या आहेत, हलू नका. दोनदा, म्हणजे चहा झाला. आणि तीनदा, म्हणजे आई बाहेर गेल्या, शकुताईही नाहीत, घरात कोणी नाही. हा तिसरा निरोप आठवड्यातून कधीतरी यायचा, आणि तो आला की रात्रपाळीने मेलेला नंदू लुगड्याच्या पडद्यातून असा बाहेर यायचा, की एकदा खाटेची पट्टी लागून कपाळाला खोक पडली. आईने विचारलं तेव्हा कंपनीत मशीन लागलं म्हणाला. त्यालाही मशीनच कामाला आलं होतं.

चार वर्षं ती भाषा चालली. मग मुलुंडचा ब्लॉक झाला, दार लावून बोलता येऊ लागलं, आणि ती भाषा दोघांपैकी कोणी परत वापरली नाही. मयेकरांच्या डोक्यातून ती पार पुसून गेली होती. पायाने मात्र ठेवली होती.

यंत्र सुरू झालं. आधी टकटक, टकटक, टकटक. दहाही बोटांनी, न थांबता. शकु. मग एक लांब घरघर, मध्येच तुटणारी, पुन्हा सुरू होणारी. परकराची शिवण कोपऱ्यावर वळली की अशीच तुटायची. मग धम, धम, धम, फळीतून पाठीत शिरणारा दणका. आणि नाकावर वीतभर अंतरावर पट्ट्या. मयेकर निजून राहिले. वर आई बसली होती ना. तेव्हा त्या वर बसण्याचा केवढा जाच वाटायचा. आई गेली, वडील तिच्याआधी गेले, खाट भंगारात गेली, आणि इतक्या वर्षांत आपल्या डोक्यावर कोणी बसलेलं नाही, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. छत नुसतं छत होतं, त्याचीच बहुतेक भीती वाटत होती. खाटेवर माणूस असला की खाट अंगावर येत नाही.

मधूनमधून कानात चेतनाचा आवाज यायचा, "काका, छान, आता पुढचं, हलू नका." आणि तिचा आवाज बंद झाला, की अंगठ्यावर एक दाब. आई आहेत अजून. एकदा मयेकरांना नाक खाजवावंसं वाटलं. एकदा डोळ्यातून पाणी निघून कानाकडे गेलं. ते पुसताही येत नव्हतं. गेलं आपलं वाटेने. मध्ये तर त्यांना, आता शपथेवर कोणाला सांगता येणार नाही, पण डुलकी लागली. जागे झाले तेव्हा दणका थांबला होता. सगळं शांत होतं. चेतना अजून काही बोलली नव्हती.

अंगठा दाबला गेला. एकदा. मग पुन्हा. मग पुन्हा.

यंत्राच्या पोटात, तोंडाला जाळी लावलेल्या अवस्थेत, सदुसष्ट वर्षांचे मयेकर हसायला लागले, आणि काचेपलीकडून चेतना माइकवर ओरडली, "काका, हलू नका... अच्छा, झालंच आहे, हला आता."

चेतनाने जेवणाचा डबा उघडला तेव्हा भाजी गार झाली असणार, एवढंच परतताना रिक्षात वसुधाबाई म्हणाल्या. सोसायटीच्या गेटात जयवंत उभाच होता, दुखरा गुडघा घेऊन.

"काय रे? झालं?"

"झालं," मयेकर म्हणाले.

"मामेबहिणीचा फोन आलेला. म्हणाली वहिनींना पण आत घेतलं होतं. का रे?"

मयेकरांनी तोंड उघडलं. आता खरं सांगायचं की मशीनच्या नावावर आणखी काही घालायचं, याचा निर्णय होण्याआधीच वसुधाबाई म्हणाल्या, "माझ्यामुळे हो, भावजी. मलाच बाहेर बसवेना. छातीत धडधडायला लागलं. मग त्या मुलीने मला आत घेतलं, ह्यांचा पाय धरून बसले तेव्हा कुठे बरं वाटलं."

जयवंतने एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. "वहिनी पण ना," तो म्हणाला. रात्री ग्रुपवर ते आलंच. आणि ते दिवस संक्रांतीचे होते. हळदीकुंकवाला ज्या घरी वसुधाबाई गेल्या, त्या घरी तिळगुळाबरोबर त्यांना धीर मिळाला. "अहो, नुसता फोटो तर असतो, त्यात काय घाबरायचं? तुमच्या मिस्टरांकडून शिका जरा." वसुधाबाई हसून वाण घेत आणि घरी येत.

त्या दिवशी गेटातून पुढे गेल्यावर मयेकर सवयीने जिन्याकडे वळले. वसुधाबाई लिफ्टपाशी थांबल्या.

"मी लिफ्टने येते."

"का?"

तेव्हा त्यांनी बघितलं. चपलेतल्या बोटाला रुमाल गुंडाळला होता आणि तो लाल झाला होता. साबणाने जोडवं निघालं होतं, पण एकटं निघालं नव्हतं. जितकी वर्षं ते तिथे होतं तितक्या वर्षांचं कातडं घेऊन निघालं होतं.

"वसुधा, अगं—"

"बटण दाबा," वसुधाबाई म्हणाल्या.

मयेकरांनी बटण दाबलं आणि तिच्या मागोमाग आत शिरले. दार बंद झालं.

फोटोत नस दबलेली दिसली, पण वेळ गेलेली नव्हती. ऑपरेशन झालं. होळीच्या आधी मयेकर स्टुलावर चढून पुन्हा फळ्यासमोर उभे राहिले. खाली स्टूल धरायला जयवंत.

"जयवंता, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मुलुंडला मशीन..."

"बंद पडलं होतं," जयवंत म्हणाला. "मी होतो ना तिथे."

"अरे, पण त्या व्हीलचेअरवाल्या बाई..."

"त्यांना दुसऱ्या कामाला नेलं असेल. तू 'वर्गणी' नीट लिही, रफार पडतोय बघ तुझा."

घरी येऊन त्यांनी वसुधाबाईंनाही सांगून बघितलं, की मी आता सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकतो. वसुधाबाई म्हणाल्या, "काही नको. मी घाबरते म्हटल्यापासून बायका बाजारातून माझी पिशवी उचलून आणतात. आता सांगाल तर ती मला परत उचलावी लागेल."

तर शेवटी जमाखर्च असा पडला. मयेकरांना हात मिळाला, रुपयातले बारा आणे तरी नक्की. फळ्यावरच्या ओळी सरळ झाल्या, रफार अजून जरा हलतो. नाव तर उलट वाढलं. घाबरलेल्या बायकोला सांभाळत एमआरआय करणारा माणूस म्हणून आता नव्या पेशंटांना धीर द्यायला त्यांनाच पुढे करतात. चेतनाने गार भाजी खाल्ली. जयवंतने, ज्याला एक बातमी पोटात ठेवणं हीच मोठी शिक्षा, ती व्हीलचेअर पोटात ठेवली आणि मरेपर्यंत ठेवील. वसुधाबाईंनी बोटाचं कातडं दिलं आणि भित्री हे नाव घेतलं; जोडवी काही परत चढली नाहीत, बोटावर एक पांढरा पट्टा तेवढा राहिला. मयेकरांनी आपला वाटा द्यायला दोनदा हात पुढे केला, कोणी घेतला नाही.

आताशा ते रोज लिफ्टने जातात, वसुधाबाई बरोबर असल्या तर. दार बंद झालं की त्यांचं अंग ताठ होतं. वसुधाबाई समोर आकड्यांकडे बघत असतात, आणि चपलेच्या टोकाने त्यांचा अंगठा एकदा दाबतात. चौथा मजला आला की तीनदा. तेव्हा त्या खाटेखालच्या जागेचं भाडंसुद्धा, बघायला गेलं तर, अजून त्याच भरतायत.